पपायरस ५२
बायबलच्या नव्या कराराचे बहुधा सर्वांत जुने उपलब्ध हस्तलिखित. सु. ९ × ६ सेंमी. आकाराचा हा ग्रीक तुकडा बर्नर्ड ग्रेनफेल यांनी १९२० मध्ये ईजिप्तमध्ये मिळविला. तो मँचेस्टर येथील जॉन रायलंड्झ ग्रंथालयात आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस योहानकृत शुभवर्तमानातील, पायलेटसमोर झालेल्या येशूच्या चौकशीचा मजकूर (१८ : ३१–३३, ३७–३८) असल्याने तो गुंडाळीचा नसून पृष्ठबद्ध ग्रंथाचा अवशेष ठरतो. कॉलिन रॉबर्ट्स यांनी १९३५ मध्ये तो प्रसिद्ध करून त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध मानला. त्यामुळे हे शुभवर्तमान त्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याचे मत मागे पडले. तथापि हा कालनिर्णय केवळ अक्षरवळणावर आधारलेला आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत तशी अक्षरे आढळतात, असे ब्रेंट नाँगब्री यांनी २००५ मध्ये दाखविल्याने या पुराव्याच्या मर्यादा स्पष्ट झाल्या.