कंठाचा आरसा

भाद्रपदातील गौरी-गणपतीच्या रात्री जाखडीची बारी रंगली, शक्तीवाल्यांनी टाकलेल्या सवालाला तुरेवाल्यांनी ढोलकीच्या वर आवाज चढवून पहाटेपर्यंत जबाब दिला, की रत्नागिरी तालुक्यातील कित्येक शाहिरांचे गळे बसतात. शिमग्यात नमन-खेळ्यांच्या गायकांची तीच अवस्था होते. ज्येष्ठमध, खडीसाखर आणि मिठाच्या गुळण्या यांवर मग सारी भिस्त असते. यांनी घशाला आराम पडतो, हे मी नाकारीत नाही. परंतु गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही, मग तेथे काय बिघडले आहे याचा तपास त्याने कसा लागावा?

हा तपास ज्या आरशाने शक्य झाला, तो एका गायनगुरूची देणगी आहे. मानुएल गार्सिया हा मूळचा स्पॅनिश गायनाचार्य लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्ये गाणे शिकवीत असे, आणि शिष्याच्या कंठात स्वर नेमका कसा उपजतो हे डोळ्यांनी पाहावे, ही त्याची जुनी तळमळ होती. 1854 च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये हिंडत असता काचेवरून परावर्तित होणारी उन्हाची तिरीप पाहून त्याला युक्ती सुचली. त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा सहा फ्रँकांस विकत घेतला, तो ऊन करून पडजिभेशी टेकवला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि स्वतःच्याच स्वरयंत्राची उघडझाप पाहिली. पुढील वर्षी त्याने हा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीस सादर केला. व्हिएन्नाचा ट्युर्क आणि पेस्टचा चेर्माक या वैद्यांनी लवकरच ते साधन रुग्णालयात नेले. गार्सिया 101 वर्षे जगला.

रत्नागिरीत एका कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या खोलीत ही तपासणी मी जवळून पाहिली आहे. समोर बसलेल्या शाहिरांची जीभ गॉजच्या घडीत धरून डॉक्टरांनी बाहेर घेतली; श्वासाने धुके धरू नये म्हणून आरसा स्पिरिटच्या दिव्यावर ऊन केला, तो फार तापला नाही ना, हे आपल्याच हाताच्या पाठीवर टेकवून पाहिले, आणि म्हणाले, "ई म्हणा." जीभ धरलेली असता शुद्ध 'ई' कोठून निघणार? पण त्या प्रयत्नाने घशातील झाकण वर उचलले जाते आणि दोन्ही तंतू मध्यभागी येऊन मिळतात. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून दाखविले: शिंपल्याच्या आतल्या अंगासारख्या पांढऱ्या दोन कडा, आणि दोहोंवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढ्या दोन गाठी. तंतूंचा आघात जेथे सर्वांत जोराचा, तेथेच त्या धरतात. बहुतेक वेळी आवाजाला विश्रांती दिल्याने आणि आवाज लावण्याची सवय सुधारल्याने त्या निवळतात.

आघात म्हणजे किती, ते ध्यानी घ्यावे. काळी एकचा षड्ज लावणाऱ्या पुरुषाचे तंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा एकमेकांस भिडतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचे सुमारे 208 वेळा, आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट. ही गती आरशात दिसणे शक्य नाही. त्यासाठी लुकलुकत्या प्रकाशाचा स्ट्रोबोस्कोप लागतो, ज्यात तीच हालचाल संथ लाटेसारखी दिसते. आज नाकातून जाणारी लवचिक दुर्बीण आरशाचे काम पडद्यावर करून दाखविते.

प्रत्येक बसलेला गळा गाण्यानेच बसतो असे मात्र नाही, आणि माझी खरी चिंता येथे आहे. डाव्या स्वरतंतूचा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालून वर येतो. म्हणून छातीतला रोगही प्रथम आवाजात प्रकट होऊ शकतो. विडी-तंबाखूचे व्यसन असलेल्याचा घोगरेपणा ही स्वरतंतूवरील कर्करोगाची पहिली फिर्याद असू शकते, आणि ती वेळीच दाखल झाली तर हा रोग बहुधा बरा होतो. जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक याचा घोगरेपणा 1887 मध्ये नामांकित वैद्यांनी तपासला, त्यांच्यात निदानाविषयी मतभेद झाले, आणि राज्यावर आल्यानंतर 99 दिवसांत, 15 जून 1888 रोजी, तो स्वरयंत्राच्या कर्करोगाने मरण पावला.

तेव्हा जाखडी-नमनाच्या मंडळांना, कीर्तनकारांना आणि शाळामास्तरांना माझी विनंती आहे: बसलेला आवाज तीन आठवड्यांच्या मुदतीत पूर्ववत झाला नाही, तर काढ्यांवर आणखी दिवस न घालविता स्वरयंत्र पाहून घ्यावे. आरशाची ती तपासणी काही मिनिटांत होते.