नोटा रद्द झाल्या, पैसा का नाही संपला?

८ नोव्हेंबर २०१६ची रात्र आठवतेय? ५०० आणि १०००च्या नोटा रद्द झाल्या. किमतीच्या हिशेबाने चलनातल्या सुमारे ८६ टक्के नोटा, म्हणजे १५.४१ लाख कोटी रुपये! मग देशातला ८६ टक्के पैसा संपला का? नाही.

कारण पैशाचा पुरवठा म्हणजे नुसत्या नोटा नव्हेत. लोकांच्या हातातली रोकड, अधिक बँकेतल्या ठेवी. बचत खात्यातले पैसे, एफडी, सगळं त्यात आलं. रिझर्व्ह बँक या मोठ्या बेरजेला एम-३ म्हणते. (बँकेच्या तिजोरीतली रोकड यात धरत नाहीत, नाहीतर तोच पैसा दोनदा मोजला जाईल.)

नोटाबंदीत लोकांनी रांगा लावून नोटा खात्यात भरल्या. १५.३१ लाख कोटींच्या परतही आल्या. रोकड घटली, ठेवी वाढल्या. मग हाल का झाले? अहो, भाजीवाल्या मावशींना खात्यातला आकडा कसा देणार? यूपीआय तेव्हा नुकतंच आलं होतं. आज आपण स्कॅन करतो, पैसा या खात्यातून त्या खात्यात जातो. पुरवठा तेवढाच राहतो.

मग तो वाढतो कधी? खरी गंमत इथेच आहे. बँक तुम्हाला ५० हजारांचं कर्ज देते, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या खात्यातून ते वजा होत नाहीत. तुमच्या खात्यात नवा आकडा उमटतो. नाशिकच्या छापखान्यात एकही नोट न छापता नवा पैसा तयार! म्हणूनच रेपो दर वाढून कर्ज महागलं, की लोक कर्ज कमी घेतात आणि हा पैसाही हळू वाढतो. आणि तुम्ही हप्ता भरलात, की त्यातल्या मुद्दलाएवढा पैसा पुन्हा पुसला जातो.