लॅब्राडोर पोहतो, पण वाचवतो का?

लॅब्राडोरला पोहणं शिकवायचं काय, पिल्लू उचलून पाण्यात टाकलं की झालं, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. बोटांमधले पडदे, पाणी आत न शिरू देणारे दुहेरी केस, सुकाणूसारखी जाड शेपूट हे सगळं त्याला जन्मतःच मिळतं, हे खरंच. न्यूफाउंडलंड बेटावर त्याचे पूर्वज कोळ्यांबरोबर थंडगार समुद्रात काम करायचे. पण फेकलेलं पिल्लू पोहणं शिकण्याआधी पाण्याची धास्ती शिकतं. त्यात अस्तर केलेला कालवा फारच वाईट. शेवाळलेल्या उतारावर पाय ठरत नाहीत आणि उत्तम पोहणारा कुत्राही काठाशीच दमून बुडतो. सुरुवात उन्हाळ्यात, जिथे पाय टेकतात अशा उथळ पाण्यात करावी. मालकाने आधी स्वतः उतरावं.

दुसरा समज जास्त घातक: बुडणारा माणूस दिसला की कुत्रा आपसूक त्याला ओढून आणतो. फेकलेली वस्तू तोंडात धरून आणणं त्याच्या रक्तात आहे. माणूस आणणं नाही. बुडणारा हाताला लागेल त्याच्यावर चढतो, मग कुत्राही खाली जातो. म्हणून कुत्र्याला मूठ असलेलं जाकीट घालतात. आधी तरंगती बाहुली आणायला लावायची, मग तीच बाहुली कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायची. पुढे तो माणूस पाण्यात निजतो, आणि सगळ्यात शेवटी हातपाय झाडतो. या शेवटच्या टप्प्यावर बरेच कुत्रे बिचकतात किंवा उत्साहात नखांनी ओरबाडतात. कुत्र्याने वळसा घालून जाकिटाची मूठ बुडणाऱ्याच्या हाताशी आणायची, पकड बसली की काठाकडे वळायचं. इटलीत १९८९ पासून अशी शाळा चालते. तिथेही कुत्र्याबरोबर प्रशिक्षित माणूस पोहतोच.

‘एनडीआरएफकडे असतात की असे कुत्रे!’ असतात, पण ते ढिगाऱ्याखालच्या माणसाचा वास काढणारे. २०२३ च्या तुर्कस्तान भूकंपात रोमिओ आणि ज्युली या लॅब्राडोरांनी सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला, तो असाच. परभणी जिल्ह्यात गोदावरीला पूर आला की गंगाखेडकडे कामाला येतात त्या बोटी, दोर, लाइफ जॅकेट आणि पट्टीचे पोहणारे भोई.

‘आणि परभणीत कसलं आलंय थंड पाणी?’ असंही विचारतात. उन्हाळ्यात त्रेचाळीस अंशांनी भाजणाऱ्या याच गावात जानेवारीच्या पहाटे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा दहाच्या खाली उतरतो. येलदरी धरणात बर्फ जमत नाही, पण गारठायला तशी गरजही नसते: पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. काठावरचा वारा ओल्या अंगाला आणखी गारठवतो. कुत्रा थरथरू लागला की सराव तिथेच थांबवून त्याला कोरडं पुसावं. दुसऱ्या दिवशी शेपूट बुडाशी ताठ आणि पुढे लोंबती दिसली, तर ती बहुतेक वेळा मोडलेली नसते. थंड पाण्यात फार पोहल्याने स्नायू दुखावतो. काही दिवसांच्या विश्रांतीने शेपूट पुन्हा हलू लागते. तरी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावंच.