विश्लेषण : कस्तुरी गुलाब इंग्लंडमध्ये हरवला कसा, सापडला कसा? जुन्या वेलगुलाबांची ओळख कशी पटवतात?

पाटीवर एक नाव आणि कुंडीत भलताच गुलाब, हा अनुभव बागप्रेमींना नवा नाही. इंग्लंडमध्ये मात्र अशा चुकीच्या नावामुळे एक अख्खी जात विस्मरणात गेली होती. ‘रोझा मोस्काटा’ म्हणजे कस्तुरी गुलाब समजून तिथे हिमालयातील दुसराच गुलाब लावला जात होता. खरा गुलाब १९६३ मध्ये सापडला. जुन्या वेलगुलाबांची ओळख पटवताना नुसते फूल पाहून का भागत नाही, हे या प्रकरणातून कळते.

गोंधळ नेमका काय झाला?

कस्तुरी गुलाब सोळाव्या शतकापासून इंग्लंडच्या बागांत होता. पुढे हिमालयातील ‘रोझा ब्रुनोनी’ युरोपात पोहोचला. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२० मध्ये त्याला हे नाव दिले. दोघांचीही फुले पांढरी, झुपक्याने येणारी आणि सुवासिक. हिमालयातील गुलाब जोमाने वाढणारा असल्याने हळूहळू तोच ‘मोस्काटा’ या नावाने सर्वत्र पसरला आणि मूळ गुलाब बागांतून दिसेनासा झाला.

खरा गुलाब कसा सापडला?

गुलाबतज्ज्ञ ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांना जुन्या ग्रंथांतील एक तपशील खटकत होता. जॉन जेरार्ड यांच्या १५९७ मधील वनस्पतीकोशानुसार कस्तुरी गुलाब शरद ऋतूत फुलतो. बागांमधील ‘मोस्काटा’ मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच फुलून मोकळा होत असे. उद्यानतज्ज्ञ ई. ए. बोल्स यांनी १९१४ मधील पुस्तकात आपल्याकडे खरा कस्तुरी गुलाब असल्याचे लिहिले होते. बोल्स यांचे १९५४ मध्ये निधन झाले. थॉमस १९६३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांच्या उत्तर लंडनमधील मिडल्टन हाऊस येथे गेले. इतर गुलाबांचा बहर संपला होता, पण घराच्या थंड भिंतीशी एक गुलाब नुकता फुलू लागला होता. तोच खरा कस्तुरी गुलाब निघाला.

दोघांत फरक काय?

वाढ हा ठळक फरक. कस्तुरी गुलाब साधारण तीन मीटरपर्यंत जातो. ब्रुनोनी मोठ्या झाडावर चढून दहा मीटरही ओलांडतो. ब्रुनोनीची पाने लांबट, करडट हिरवी, लोंबणारी आणि लवदार असतात. त्याचा बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदाच येतो. कस्तुरी गुलाब उशिरा सुरू होतो आणि थंडी पडेपर्यंत फुलत राहतो.

सुगंधावरून ओळख कशी पटते?

‘वास चांगला आहे’ एवढे पुरेसे नसते. वास कुठून येतो आणि कसा पसरतो, हे पाहावे लागते. बहुतेक बागेतील गुलाबांचा वास पाकळ्यांत असतो. त्यासाठी फूल नाकाशी न्यावे लागते. कस्तुरी गुलाब आणि त्याच्या नात्यातील वेलगुलाबांचा वास मुख्यतः पुंकेसरांत असतो आणि हवेवर दूरपर्यंत जातो. पाकळ्या आणि पुंकेसर वेगळे करून हुंगले की हा फरक कळतो. मात्र वेळ आणि हवामानानुसार वास कमीजास्त होतो. त्यामुळे एकदाच हुंगून निष्कर्ष काढता येत नाही.

इतर वेलगुलाब कसे ओळखावेत?

जुन्या वेलगुलाबांचे, म्हणजे रॅम्बलर्सचे, दोन मोठे गट आहेत. पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णे झालरीसारखी कातरलेली असतील, तर तो बहुधा ‘मल्टिफ्लोरा’ गटातील. पाने लहान, चकचकीत, फांद्या लवचिक आणि जमिनीकडे झुकणाऱ्या असतील, तर ‘विचुराना’ गटाची शक्यता जास्त. फ्रान्समधील बार्बिये यांच्या नर्सरीत तयार झालेले ‘अल्बेरिक बार्बिये’ (१९००) आणि ‘अल्बर्टीन’ (१९२१) हे विचुराना घराण्यातील. या गटातील अनेक गुलाबांना सफरचंदासारखा वास असतो.

डीएनए चाचणी पुरेशी नाही का?

डीएनएवरून नातेसंबंध कळतात, पण जातीचे नाव ठरवायला तुलनेसाठी खात्रीचा नमुना लागतो. तो नमुनाच चुकीच्या नावाखाली असेल, तर निष्कर्षही चुकतो. खरा नमुना हाती असण्याचे महत्त्व दमास्क गुलाबाबाबत दिसते. अत्तर आणि गुलाबजलासाठी भारतातही लावल्या जाणाऱ्या या गुलाबाच्या पूर्वजांमध्ये कस्तुरी गुलाब असल्याचे जपानी संशोधकांनी २००० मध्ये डीएनएच्या आधारे दाखवले.

घरच्या बागेत याचा उपयोग काय?

बहुतेक रॅम्बलर वर्षातून एकदाच आणि तेही गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. सतत फुलणारा गुलाब समजून हंगामाआधी त्यांची छाटणी केली, तर त्या वर्षीचा बहर जातो. दुसरी बाब खुंटाची. गुलाब अनेकदा मल्टिफ्लोरासारख्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. भरलेला डोळा मेला आणि खालचा खुंट फुटला, तर पाटी तीच राहते आणि गुलाब बदलतो. अशा वेळी फूट डोळ्याच्या वरून आली की खालून, उपपर्णे कशी आहेत आणि बहर कधी येतो, हे तपासावे. वर्षभराच्या अशा नोंदी आणि फोटो हाताशी असतील, तर जाणकारालाही जात ओळखणे सोपे जाते.