सर्व्हरला नावं नको, नाव ठेवा!

रेल्वेचं तिकीट कधी नीट बघितलंय? सोलापूरचा स्टेशन कोड आहे 'एसयूआर'. रेल्वेची सिस्टीम आपलं गाव या तीन अक्षरांनी ओळखते. आपण मात्र खिडकीवर नुसतं 'सोलापूर' म्हणतो, आणि नावाचा कोड करण्याचं काम परस्पर होऊन जातं. तुमच्या घरच्या नेटवर्कलाही अशी एक मधली पायरी लागते. हौसेने बसवलेला होम सर्व्हर रुसला, तर आधी तिथेच बघा.

सर्व्हर? तोही घरात?

हो, घरात! त्यासाठी एसी रूम लागत नाही. नोकरी पुण्यात, आई-बाबा जुळे सोलापुरात आणि शनिवार-रविवारी हुतात्मा एक्स्प्रेस, असं आयुष्य जगणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. त्यावर उबुंटू किंवा डेबियन टाका, फोटोंसाठी इमिच, सिनेमांसाठी जेलीफिन बसवा. झाला सर्व्हर! गुगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ रोजी बंद केली, तेव्हापासून १५ जीबीत संसार भागवायची कसरत सुरू आहे. आजीचे शेवटचे फोटो, ताईच्या हळदीचे व्हिडिओ, गड्ड्याच्या यात्रेतली धमाल, सगळं घरच्याच डिस्कवर राहतं.

पण खरी परीक्षा पुढे आहे. हे फोटो तुम्हाला फोन न लावता आईला उघडता आले पाहिजेत. तिला काय '१९२.१६८.१.३७' पाठ करायला लावणार? त्यापेक्षा 'घर डॉट लोकल' सोपं नाही का?

आधी नंबर, मग नाव

'काहीच उघडत नाही' असा फोन आला की अनेक जण थेट फॉरमॅट मारायला निघतात. थांबा! फोटो त्याच डिस्कवर आहेत. आधी त्याच वायफायवरच्या फोनवरून सर्व्हर नंबरने उघडून बघा.

नंबरनेही उघडला नाही, तर गडबड मशीनमध्ये, अ‍ॅपमध्ये किंवा वायफायमध्ये आहे. लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपी जातो, ते सेटिंग बदललंय का? फायरवॉल आडवी येतेय का? नंबरने उघडला पण नावाने नाही, तर सर्व्हर ठणठणीत आहे. बिघाड फक्त नावाचा. री-इन्स्टॉल करायचं कारणच नाही.

आणखी एक गंमत. नाव फक्त घर दाखवतं, दार नाही. इमिचचं दार म्हणजे पोर्ट २२८३. नावापुढे विसर्गासारखं चिन्ह देऊन तो आकडा लिहावा लागतो. एकदाच लिहा आणि आईच्या फोनच्या होम स्क्रीनवर शॉर्टकट करून द्या. काम फत्ते!

पत्ता पक्का करा

घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटायचं काम राउटर करतो. लाइट जाऊन आली, राउटर रीस्टार्ट झाला, की काल ३७ असलेला सर्व्हर आज ४२ होऊ शकतो. उपाय साधा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' शोधा आणि सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा. मात्र वायफाय आणि केबल यांची ओळख वेगवेगळी असते. वायफायवर पत्ता राखला आणि नंतर केबल लावली, तर तो लागू होणार नाही.

हाक मारायची की रजिस्टर ठेवायचं?

नावावरून पत्ता शोधायच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे गल्लीत उभं राहून हाक मारायची, 'घर कोण आहे रे?' ज्याचं नाव, तो ओ देतो. हेच एमडीएनएस, 'डॉट लोकल' नावांमागचं तंत्र. अ‍ॅपलने ते २००२ मध्ये लोकप्रिय केलं. लिनक्सवर 'अवाही' हे काम करतं. पण हाक गल्लीपुरतीच. फोन गेस्ट वायफायवर असेल, तर ती पोचत नाही. जुन्या अँड्रॉइड फोनना तर 'डॉट लोकल' कळतही नाही.

दुसरी पद्धत रजिस्टरची. इंटरनेटच्या बालपणी सगळ्या कॉम्प्युटरची नावं एकाच यादीत असायची. ही यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम सांभाळायची. यादी हाताबाहेर जायला लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. घरी हेच काम पाय-होल करतं. त्यात नाव आणि पत्ता नोंदवा, राउटरला सांगा, की घरातल्या सगळ्यांना तेच रजिस्टर. इथे मात्र 'डॉट लोकल' वापरू नका, ते हाकेसाठी राखीव आहे. त्याऐवजी 'डॉट इंटर्नल' घ्या. खासगी नेटवर्कसाठी आयकॅनने ते २०२४ मध्ये राखून ठेवलं.

तरीही अडलंय? हे तपासा

• राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ दिलाय? काढा. फोन कधी पाय-होलला विचारेल, कधी गुगलला. आणि गुगलला तुमचं घर माहीत नाही!
• फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' आणि ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' बंद करून बघा. ती घरच्या रजिस्टरला वळसा घालतात.
• नाव टाकल्यावर गुगल सर्च उघडतंय? नावाआधी 'एचटीटीपी' लावून पूर्ण पत्ता लिहा.
• लॅपटॉपच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये जुना पत्ता राहिलाय? तोच आधी वाचला जातो.
• लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर नाही. त्याला छोटा यूपीएस द्या.

पुण्याहून बघायचंय?

घरचं नाव घराबाहेर चालत नाही. त्यासाठी राउटरचे पोर्ट सताड उघडू नका. टेलस्केलसारखं अ‍ॅप सर्व्हरवर आणि फोनवर टाका. ते सुरक्षित रस्ता देतं आणि नावही.

आणि हो, सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे! डिस्क एकच असेल, तर तीही एक दिवस दगा देणारच. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क पुण्याला घेऊन या. पुढच्या शनिवारी घरी जाताय ना? शेंगा चटणी बांधून होईपर्यंत पत्ता राखायचं काम उरकून टाका.