जुनी स्पोर्ट्स कार घेताना : मीटर नव्हे, वही वाचा

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात किंवा दुबईच्या रास अल खोर येथील जुन्या मोटारींच्या बाजारात वीस वर्षांपूर्वीची पोर्शे विक्रीला उभी दिसते. रंग चमकत असतो, सीट चामड्याची असते आणि मागितलेली किंमत एखाद्या मध्यम नव्या मोटारीच्या आसपास असते. मीटर मात्र दीड-पावणेदोन लाख किलोमीटर दाखवतो. पाहणाऱ्याच्या मनात दोन विचार येतात. इतकी स्वस्त पुन्हा मिळणार नाही, हा पहिला. इतकी चाललेली गाडी घेऊन करायचे काय, हा दुसरा. हे दोन्ही विचार अपुरे आहेत.

कोकणातील अनेक मुसलमान कुटुंबांतील माणसे आखातात रोजगाराला आहेत. त्यांत मोटार दुरुस्तीत हात बसलेले मिस्त्री आहेत, तसेच सुट्या भागांचे व्यापारीही आहेत. अशी गाडी कोणी स्वतःसाठी घेतो, कोणी दुरुस्त करून विकण्यासाठी घेतो. ‘चाचा, जरा गाडी बघून द्या’ अशी विनंती मिस्त्रींना तर नेहमीचीच. या तिघांनाही उपयोगी पडेल असा एकच मुद्दा येथे मांडायचा आहे. स्पोर्ट्स कार किती चालली यापेक्षा ती कशी सांभाळली गेली, याला किंमत आहे.

बॉक्स्टर आणि ९११ चे उदाहरण

१९९६ साली पोर्शे कंपनीने बॉक्स्टर बाजारात आणली आणि १९९७ मध्ये ९११ चे ‘९९६’ हे मॉडेल आले. त्याआधीची ९११ हवेवर थंड होणारी होती, ९९६ मध्ये प्रथमच पाण्याने थंड होणारे इंजिन आले. दोन्ही गाड्यांना एकाच घराण्याचे सहा सिलिंडरचे आडवे इंजिन आहे. ताकद उत्तम, आवाज देखणा, पण त्यात एक नाजूक जागा आहे.

या इंजिनात क्रँकशाफ्टखाली एक मधला शाफ्ट असतो. क्रँक त्याला फिरवतो आणि तो साखळ्यांमार्फत दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतो. या शाफ्टच्या क्लचकडील टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग आहे. त्याला इंजिनचे ऑइल मिळत नाही, कारखान्यात भरलेल्या ग्रीसवरच त्याने आयुष्य काढायचे असते. काही वर्षांनी सील ढिले पडते, ग्रीस धुऊन जाते आणि आत खराब ऑइल साचते. पुढे बेअरिंगच्या गोळ्या झिजतात. बेअरिंग फुटले की शाफ्ट डगमगतो, साखळीचे टायमिंग सुटते, व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात जाते.

प्रत्येक गाडीत हे घडते असे मुळीच नाही. परंतु अनुभवी मिस्त्री एक गोष्ट आवर्जून सांगतात. रोज चालणाऱ्या आणि वेळेवर ऑइल बदललेल्या गाड्यांत हा त्रास कमी दिसतो. वर्षानुवर्षे शेडमध्ये झाकून ठेवलेल्या, पंचवीस-तीस हजारच चाललेल्या गाडीत तो येऊ शकतो. उभ्या गाडीच्या ऑइलमध्ये ओलावा धरतो, रबरी सील सुकतात, टायरला भेगा पडतात आणि ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. म्हणून ‘कमी चाललेली, शौकिनाची गाडी’ हे दलालाचे वाक्य ऐकून बयाणा देऊ नये.

दीड लाख चाललेल्या गाडीच्या वहीत क्लच बदलताना हे बेअरिंगही बदलल्याचे बिल असेल, तर ती गाडी अधिक भरवशाची. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्याच मजुरीत बेअरिंगचे काम होते. सुधारित बेअरिंगचे संच बाजारात मिळतात. २००६ च्या सुमारास कंपनीने मोठे बेअरिंग घातले. ते जास्त टिकते, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा मधला शाफ्टच नाही. ९९६ टर्बो आणि जीटी ३ यांची इंजिने वेगळ्या रचनेची असल्याने त्यांनाही ही भीती नाही. मॉडेल आणि साल नीट पाहिल्याशिवाय सौद्याला बसू नये, ते याचसाठी.

मीटर खरे की खोटे?

मीटर मागे घेणे हा जुना धंदा आहे, डिजिटल मीटर आल्यावरही तो थांबलेला नाही. पण गाडीत इतर साक्षीदार असतात. बऱ्याच पोर्शे गाड्यांच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये इंजिन किती तास चालले याची नोंद राहते. स्कॅनर लावून ती वाचता येते. मग साधा भागाकार करावा. मीटरवर १,२०,००० किलोमीटर आणि तास ३,००० असतील, तर सरासरी वेग ताशी ४० येतो. हे पटण्यासारखे आहे. मीटरवर ४५,००० आणि तास तेच ३,००० असतील, तर सरासरी १५ येते. अशी गाडी एक तर सदैव गर्दीत रखडली असेल, नाही तर तिचा मीटर फिरवलेला असेल.

त्याच स्कॅनरवर दुसरी नोंद मिळते. इंजिनचे फेरे मर्यादेपलीकडे किती वेळा गेले, हे अनेक मॉडेलांत साठवलेले असते. वेगात चालवताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर इंजिन जबरदस्तीने फिरते आणि आतून दुखावते. विक्रेता हे सांगत नाही, युनिट सांगते.

बाकी डोळ्यांनी पाहावे. स्टिअरिंगचे चामडे, क्लच पेडलचे रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड मीटरशी जुळते का? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. गाडी ‘नुकतीच सगळी केली’ म्हणणाऱ्याचे टायर दहा वर्षांचे निघाले, तर बाकीच्या बोलण्यावरही किती विश्वास ठेवायचा, ते ठरवावे.

आखातात अमेरिकेतून आलेल्या अपघाती किंवा पुरात बुडालेल्या गाड्याही दुरुस्त करून विकल्या जातात. सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर काचेखाली, दरवाजाच्या खांबावर आणि कागदावर एकच आहे का, हे पाहावे. त्या नंबरावरून अमेरिकेतील इतिहास काढता येतो. कार्पेट उचलून चिखल आणि सीटच्या पट्ट्यांवर गंज शोधावा. डेंटिंगचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना पुट्टी बोटाने कळते. इतरांनी रंगाची जाडी मोजणारे यंत्र वापरावे.

गाडी थंड असतानाच पाहा

विक्रेत्याला आधीच सांगावे, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ थंड इंजिन खरे बोलते. सुरू होताना निळसर धुराचा एक झोत या आडव्या इंजिनात येऊ शकतो, त्याला घाबरू नये. पण पांढऱ्या धुराचे लोटच्या लोट येत राहिले, तर ऑइलची वाफ वेगळी करणारा भाग गेलेला असू शकतो. एका बाजूने टकटक आवाज, एकाच बाजूच्या नळकांड्यात जास्त काजळी आणि ऑइल पिण्याची तक्रार ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे असण्याची शंका घ्यावी. सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालून ते पाहता येते. या तपासणीचा खर्च इंजिनच्या खर्चापुढे काहीच नाही.

नंतर गाडी लिफ्टवर घ्यावी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑइलचा ओलावा आहे का, ते पाहावे. मालकाची परवानगी असेल तर ऑइल फिल्टर काढून कापावा. आत चमकणारे धातूचे कण दिसले, तर सौदा तेथेच थांबवावा. समोरच्या बंपरमधील रेडिएटरमध्ये पाला अडकून गंज लागतो, तोही पाहावा. बॉक्स्टरच्या कापडी छताचे पाणी वाहून नेणारी भोके बुजली, तर पाणी आत शिरून सीटखालचे इलेक्ट्रॉनिक युनिट खराब करते. बाहेरून गाडी आरशासारखी असते आणि आत कार्पेट ओले, असा प्रकार होतो.

गावी आणण्याचा मोह

आखातात स्वस्त मिळाली, म्हणून रत्नागिरीला किंवा महाडला न्यावी, असे कोणाला वाटेल. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. भारताच्या आयात धोरणानुसार जुनी मोटार आणायची, तर ती बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि गाडी मुंबई बंदरातूनच यावी लागते. आखातातील गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. त्यावर आयात शुल्काचा बोजा निराळाच. तेव्हा वीस वर्षांची पोर्शे घ्यायची, तर ती तेथेच वापरण्यासाठी किंवा तेथेच विकण्यासाठी घ्यावी.

मुंबई-पुण्यात घेताना

पोर्शेने भारतात अधिकृत विक्री २००४ मध्ये सुरू केली. आपल्याकडे वापरलेली स्पोर्ट्स कार घेताना यंत्राइतकेच कागद महत्त्वाचे. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, दंड बाकी आहेत का, विमा चालू आहे का, हे परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तपासावे. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो.

‘नाव नंतर करू’ हा शब्द दोघांनाही महाग पडतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी कितीही हातांत गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गप्प बसू नये, नाव बदलल्याची खात्री करावी. घेणाऱ्याने विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रीवर नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर आहे. दर ठरवताना तो धरला नाही, तर नफा कागदावरच राहील.

राखीव रक्कम आणि मिस्त्रीचा शब्द

गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. मारुतीचा पार्ट कुर्ल्याच्या बाजारात तासाभरात मिळतो, बॉक्स्टरचा बहुधा बाहेरून मागवावा लागतो. म्हणून हातात जेवढी रक्कम आहे तेवढ्याची गाडी घेऊ नये. चार लाख असतील तर तीन लाखांची पाहावी आणि एक लाख पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवावेत, हे प्रमाण कोणत्याही रकमेला लागू करावे. ऑइल, ब्रेक ऑइल, टायर, पाण्याचा पंप आणि क्लच यांत ती रक्कम जातेच. नाही गेली तर आपलीच आहे.

शेवटचा शब्द गाडी तपासणाऱ्या मिस्त्री बांधवांसाठी. ओळखीच्या माणसाला ‘चालेल, घेऊन टाका’ म्हणणे सोपे असते, विशेषतः दलाल बाजूला उभा असतो तेव्हा. पण तुमच्या त्या एका शब्दावर कोणाची तरी पाच वर्षांची परदेशातील कमाई जाते. जे दिसले ते कागदावर लिहून द्यावे आणि तपासणीची फी उघडपणे घ्यावी. विकणाऱ्यानेही ऐब दाखवूनच माल विकावा, हा आपल्या व्यापारातील जुना दंडक आहे. ऐब सांगितलेली गाडी थोडी कमी किमतीला जाईल, पण तेच गिऱ्हाईक पुढची गाडी घेताना पुन्हा तुमच्याच दारात येईल.