बाभळीच्या काट्यांवर उतारा

सांगवी परिसरात सायकल चालवणाऱ्यांचा खरा वैरी चढ नाही, काटा आहे. फलटण रस्ता सोडून कालव्याच्या भरावावर वळलात की वेड्या बाभळीचे काटे हजरच. म्हणून माझी पहिली शिफारस टायर लायनरची. टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी ही प्लास्टिकची पट्टी काटा आतपर्यंत जाऊ देत नाही. टायर थोडा जड होतो, पण सायकल हातात धरून घरी यावं लागत नाही.

ट्यूबलेसवाल्यांना सीलंट. काटा उपसला की भोकातून पांढरे थेंब उडतात, चाक फिरवत राहिलं की फुसफुस थांबते. मात्र आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरावं.

पंप घेताना आपला व्हॉल्व्ह बघा. जाड श्रेडर दुचाकीसारखाच, पेट्रोल पंपावरही हवा मिळते. बारीक प्रेस्टाला अडॅप्टर लागतो. वीस-तीस रुपयांचा तो पितळी तुकडा खिशात असू द्याच.

पॅडेड शॉर्ट्स? पैसा वसूल! फक्त आत अंडरवेअर घालायची नाही, हे दुकानदार लाजून सांगत नाहीत.

आणि मागचा लाल दिवा. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात, त्यात धुकं. यूएसबीवर चार्ज होणारा दिवा पाचशेच्या आत मिळतो. हेल्मेटच्या आधी घ्या असं नाही म्हणत, पण हेल्मेटसोबत नक्की घ्या.

तुमच्याकडे काट्यांवर आणखी काही इलाज असेल तर खाली लिहा.